छावणीच्या भिंतींवरील पलटणींची चिन्हे

कुवेतच्या वायव्य वाळवंटातील कॅम्प ब्यूरिंग या अमेरिकी छावणीस २००३ च्या ऑक्टोबरात बगदादमध्ये धारातीर्थी पडलेल्या अधिकाऱ्याचे नाव आहे. इराकच्या मोहिमेवर जाता-येता येथे मुक्काम करणाऱ्या पलटणींनी, स्फोटांपासून बचावासाठी उभ्या केलेल्या पुरुषभराहून उंच काँक्रीटच्या भिंतींवर आपापली चिन्हे रंगविली. फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजनची पिवळी ढाल, तीवरील तिरपा काळा पट्टा आणि वरच्या कोपऱ्यातील घोड्याचे काळे मस्तक हे त्यांतले विशेष परिचित. चितारी बहुधा पलटणीतलाच एखादा शिपाई, आणि चिन्हाखाली पुष्कळदा तैनातीचे साल. सरकारी दफ्तरातील रुक्ष नोंदींपेक्षा हा हस्तलेख मला अधिक मोलाचा वाटतो. वाळवंटी उन्हाने रंग उडण्यापूर्वी त्याची छायाचित्रे जतन झालीच पाहिजेत.