स्नूकरचं टेबल: ठिपके, कापड आणि काही पक्के गैरसमज

स्नूकर टेबलाचं कापड खराब झालं की पार्लरमध्ये आरोपी ठरलेला असतो: कुणीतरी नवशिक्या, ज्याने क्यू कापडात घुसवला. असं होतं, पण क्वचित. छत्रपती संभाजीनगरच्या पार्लरांत मी अकाली झिजलेली जी कापडं पाहिली, त्यातली बहुतेक काळजी घेण्याच्या नादात गेलेली होती. कुणी ओल्या फडक्याने पुसून काढलेली, कुणी मार्कर पेनने ठिपके गिरवलेली, कुणी गरगर ब्रश फिरवलेली. काही ठिकाणी तर एप्रिल-मेमध्ये कूलरचं तोंडच टेबलाकडे वळवलेलं. टेबल आपलं मानणाऱ्या माणसांनीच हे केलेलं असतं, त्यामुळे चूक चूक वाटत नाही आणि वर्षानुवर्षं चालत राहते.

सुरुवात कापडापासूनच करायला हवी. त्याला सर्रास ‘फेल्ट’ म्हणतात. फेल्ट म्हणजे लोकर दाबून, घोटून केलेला नमदा. त्यात ताणाही नसतो आणि बाणाही. स्नूकरचं कापड मात्र मागावर विणलेलं लोकरीचं असतं. विणल्यावर त्याच्या एका बाजूचे तंतू उचलून, कातरून एकाच दिशेला झोपवलेले असतात. या लवेला खेळाडू ‘नॅप’ म्हणतात. हिमरूच्या शहरात विणलेल्या कापडाला नमदा म्हणणं बरं नाही, आणि यात मुद्दा फक्त नावाचा नाही. फेल्ट समजून वागवलं की माणूस दिशा विसरतो, आणि स्नूकरच्या कापडाची सगळी निगा दिशेवर चालते. पूल टेबलावर बहुतेक ठिकाणी लव नसलेलं, गुळगुळीत विणीचं कापड असतं, म्हणून पूलच्या टेबलाची रीत इथे जशीच्या तशी लावता येत नाही.

लव बॉक एंडकडून, म्हणजे पिवळा, हिरवा, तपकिरी बॉल जिथे असतात तिथून, ब्लॅकच्या टोकाकडे जाते. तळहात त्या दिशेने फिरवा, कापड मऊ लागेल. उलटा फिरवा, किंचित खरखरीत लागेल. म्हणून ब्रशही बॉककडून ब्लॅककडेच, सरळ पट्ट्यांत मारायचा. आधी कुशनखालची धूळ बाहेर ओढून घ्यायची, मग मधलं मैदान. आडवा किंवा गोल ब्रश फिरवला तर कापड दिसायला स्वच्छ होतं, पण लव विस्कटते आणि हळू सोडलेला बॉल भलतीकडे वळू लागतो. लव नीट बसलेली असतानाही मधल्या पॉकेटकडे आडवा, हळू सोडलेला बॉल शेवटच्या टप्प्यात ब्लॅकच्या बाजूला थोडा कलतो. चांगला खेळाडू तेवढा हिशेब धरूनच मारतो. लव विस्कटली की त्याचा हिशेबच मोडतो.

इस्त्रीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. काहींना ती ऐषआराम वाटते. काहीजण घरची वाफेची इस्त्री घेऊन येतात आणि ताकदीने दाबतात. इस्त्री हवीच, पण कोरडी हवी. ब्रश झाल्यावर, त्याच दिशेने, न थांबता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची, तिथे उचलायची आणि परत बॉकला येऊन पुढची पट्टी धरायची. मध्येच थांबली तर तिथे इस्त्रीच्या आकाराचा डाग कायमचा राहतो. तापमान पाहायला साधा कागद पुरतो. पांढऱ्या कागदावर इस्त्री टेकवायची, कागद पिवळसर पडला तर ती कापडासाठी फार गरम आहे. टेबलासाठी मिळणारी खास इस्त्री जड आणि चौकोनी असते. घरच्या इस्त्रीच्या टोकाने आणि वाफेच्या भोकांनी लवेवर खुणा उमटू शकतात.

आता आपल्या हवेकडे येऊ. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा. पारा चाळीशीच्या पुढे गेला की पार्लरमध्ये कूलर लागतात, आणि समज असा की थंडावा जसा माणसांना, तसा टेबलालाही बरा. पण कूलर नुसता गारवा देत नाही, पाणीही हवेत सोडतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषून घेऊ शकते, आणि तरी हाताला ओली लागत नाही. फसगत इथेच होते. दुपारी कूलरसमोरचं टेबल हाताला ठणठणीत कोरडं वाटतं, पण बॉल जड चालतो. पोरं म्हणतात, आज टेबल स्लो आहे. तंतू ओलावा पिऊन फुगलेले असतात, बॉलला जास्त धरून ठेवतात, आणि अशा कापडावर खेळलं की लव लवकर चेपते. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत टेबलाखाली हीटर बसवतात, ते यासाठीच: कापडाखालची दगडी स्लेट आणि कापड कोरडं राहावं म्हणून. आपल्या पार्लरला हीटर नको, पण कूलरचा झोत बसलेल्या लोकांकडे आणि खिडकीच्या दिशेने ठेवणं कुणालाही जमेल. एसी असेल तर उत्तमच, तो हवेतला ओलावा काढून घेतो.

ओल्या फडक्याचं उत्तरही यातच आलं. चहा सांडला तर तो कोरड्या, स्वच्छ सुती कापडाने वरून दाबून टिपायचा, घासायचा नाही. रोजची धूळ ब्रशने निघते. पावसाळ्यात टेबलावर प्लास्टिकचं आवरण घालणारेही बरेच. बाहेरचं पाणी त्याने अडतं, पण खालचा दमट गारठा आत कोंडतो. सुती चादर बरी.

लवेच्या नाशाला आणखी दोन गोष्टी हातभार लावतात, आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. एक म्हणजे चॉक. क्यूच्या टिपला लावतो तो निळा ठोकळा फळ्यावरच्या खडूचा भाऊ नव्हे. १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी ज्या चॉकचं पेटंट घेतलं, त्यात सिलिका आणि घासणारे कठीण कण होते. आजचा चॉक त्याच वाटेवरचा आहे. ती भुकटी कापडात पडली की बॉल आणि स्लेट यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखं काम करते. म्हणून चॉक टेबलावर वाकून लावायचा नाही, बाजूला होऊन लावायचा. आणि कापडावर पडला तर हाताने थापटायचा नाही, थापटल्याने तो आत जातो. दुसरी गोष्ट म्हणजे हाताला लावायची पावडर. घामट हातांनी क्यू सरकत नाही, मान्य, पण टेबलाच्या कडेवर पांढरे पंजे उमटेपर्यंत पावडर लावण्याने काहीच साधत नाही. क्यू स्वच्छ पुसलेला असेल तर पावडरची गरज निम्म्याने कमी होते.

आता ठिपके. सगळ्यात पक्का गैरसमज असा की स्पॉट म्हणजे अंदाजाची गोष्ट: ब्लॅक वरच्या कुशनपासून ‘साधारण एक वीत’ आत, पिंक ‘ब्लू आणि ब्लॅकच्या मध्ये’. नियमात अंदाजाला जागा नाही. पूर्ण मापाच्या टेबलावर खेळायची जागा ३५६९ मिलिमीटर लांब आणि १७७८ मिलिमीटर रुंद असते. ब्लॅकचा स्पॉट वरच्या कुशनपासून ३२४ मिलिमीटर, म्हणजे पावणेतेरा इंचांवर. ब्लू लांबीच्या बरोबर मध्यावर. पिंक हा ब्लू आणि वरचं कुशन यांच्या मध्यावर, ब्लू आणि ब्लॅक यांच्या मध्यावर नव्हे. हा घोटाळा मी अनेकदा पाहिला आहे, आणि त्यात पिंक तब्बल १६ सेंटीमीटरने ब्लूकडे सरकतो. खालच्या बाजूला बॉक लाइन कुशनपासून ७३७ मिलिमीटरवर, डी ची, म्हणजे त्या रेषेवरच्या अर्धवर्तुळाची, त्रिज्या २९२ मिलिमीटर, तपकिरी रेषेच्या मध्यावर आणि हिरवा, पिवळा डी च्या दोन टोकांवर. बॉककडून पाहताना डावीकडे हिरवा, उजवीकडे पिवळा.

माप कुठून धरायचं, यावरून त्याहून मोठा घोटाळा होतो. टेप कापडावर ठेवून ती कुशनखाली जाईल तितकी सरकवतात आणि तिथून ३२४ मोजतात. पण कुशनचं नाक, म्हणजे रबराची बॉलला लागणारी धार, टेबलाच्या पृष्ठभागापासून वर आणि पुढे आलेली असते. माप त्या नाकापासून धरायचं. आत घुसलेल्या टेपने मोजलं की स्पॉट कुशनला नको इतका जवळ जातो. साधी युक्ती अशी: एक गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, उभी धरून नाकाला टेकवा, तिचा पाय कापडावर जिथे टेकतो तिथून टेप धरा. ब्लॅक फक्त १ सेंटीमीटरने सरकला तरी वरच्या कोपऱ्यातल्या पॉकेटकडे जाणारा त्याचा कोन अर्ध्या अंशाहून अधिक बदलतो. ज्याने तो शॉट हजारदा घोटला आहे, त्याला हा फरक जाणवतो. पण कारण न कळल्याने तो स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

मध्य काढायला दोन माणसं आणि सुती दोरा लागतो. दोन्ही टोकांच्या कुशनवर रुंदीचा मध्य, ८८९ मिलिमीटरला, खडूने हलकासा खुणवायचा. दोरा या दोन खुणांवरून ताणून कापडाच्या अगदी लगत आणायचा आणि त्याच्या कडेने एकेक अंतर मोजत जायचं. सुताराची रंगीत पुडी लावलेली दोरी कापडावर कधीही झटकू नये, ती रेघ निघत नाही. शेवटी पडताळा घ्यायचा: ब्लूपासून दोन्ही मधल्या पॉकेटांचं अंतर सारखं भरलं तर काम चोख.

शहरात दहा फुटी, आठ फुटी टेबलंही आहेत. तिथे ३२४ आणि ७३७ हे आकडे जसेच्या तसे लावणं चूक. लहान टेबलासाठी प्रमाण धरतात: बॉक लाइन लांबीच्या एक पंचमांशावर, ब्लॅक लांबीच्या एक अकरांशावर, आणि डी ची त्रिज्या रुंदीच्या एक षष्ठांश.

खूण कशाने करायची? बॉलपेन आणि मार्कर पेन नकोच. शाई लोकरीत पसरते, महिन्याभरात ठिपक्याचं भोपळ्याएवढं वर्तुळ होतं, आणि मग बॉल त्याच्या मधोमध ठेवायचा की कडेला, यावर वाद. शिंप्याचा खडू किंवा मऊ पेन्सिल घ्यावी, आणि ठिपका बारीक करावा. बॉल ५२.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि कापडाला अगदी टिचभर जागी टेकतो. मोठ्या ठिपक्याने नेमकेपणा वाढत नाही, कमीच होतो. डी काढताना कंपासचं टोक तपकिरीच्या स्पॉटवर रोवणारेही भेटतात. कापडाला भोक पडतं आणि खाली स्लेट असल्याने टोक घसरतं ते वेगळंच. प्लायवुड किंवा जाड पुठ्ठ्याचं अर्धवर्तुळ कापून घ्या, ते रेषेला लावून कडेने पेन्सिल फिरवा. एकदा केलेला पुठ्ठा पुढच्या प्रत्येक कापडाला उपयोगी पडतो.

चिकटवायचे काळे स्पॉट मिळतात, त्यांच्याबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. पातळ, कापडी स्पॉट नीट बसवला तर बॉलच्या वाटेत अडचण येत नाही, आणि ब्लॅकसारख्या सतत वापरातल्या जागी कापडाला आधारच मिळतो. त्रास होतो तो जुन्यावरच नवा चिकटवल्याने. थर वाढतो, कडेला गोंद धूळ धरतो, बॉल त्यावर येऊन अडखळतो. जुना हळूच काढायचा, गोंद साफ करायचा, ब्रश आणि इस्त्री उरकायची आणि मगच नवा लावायचा. स्पॉटवरून गरम इस्त्री नेली तर गोंद वितळून कापडात उतरतो.

ब्लॅकच्या जागी कापडात खळगा दिसला की ‘खालचा दगड खचला’ असं ऐकायला मिळतं. स्लेट इतक्या सहज खचत नाही. झिजलेली असते ती लोकर. एका फ्रेममध्ये ब्लॅक पुन्हा पुन्हा त्याच बिंदूवर बसतो, तिथूनच मारला जातो. ही जागा स्नूकरहून जुनी आहे. स्नूकर १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेनच्या पुढाकाराने जन्मला. त्याच्या आधीपासून बिलियर्ड्समध्ये लाल बॉल याच स्पॉटवर ठेवत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, तेव्हा त्यांच्याही खेळात याच ठिपक्याला मोल होतं. ज्या टेबलावर दोन्ही खेळ होतात, तिथे ही झीज दुप्पट धरावी.

खळगा वाढवणाऱ्या दोन सवयी टाळता येतात. बॉल स्पॉटवर ठेवताना वरून ठोकून ‘बसवायचा’ नाही, नुसता ठेवायचा. आणि लाल बॉलचा त्रिकोण मागेपुढे घासत जुळवायचा नाही. आधी पिंक त्याच्या स्पॉटवर, मग त्रिकोण हलकेच पुढे आणून टोकाचा लाल पिंकच्या जितका जवळ नेता येईल तितका, पण न लागता, आणि त्रिकोण सरळ वर उचलायचा.

जोरात मारलेल्या शॉटनंतर कापडावर पांढरट रेघ उमटते, तिलाही क्यूची जखम समजतात. बऱ्याचदा ती जळाल्याची खूण असते. क्यू वरून खाली मारला की बॉल उडतो, परत पडताना लोळण्याआधी घसरतो, आणि त्या घर्षणाच्या उष्णतेने लव होरपळते. चांगले बॉल फिनॉलिक रेझिनचे असतात, ते ही उष्णता बरी सोसतात. स्वस्त बॉल घेऊन वाचवलेले पैसे कापडात जातात. बॉलवर चॉकची पुटं ठेवू नयेत. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत.

राहिला प्रश्न उलटं लावण्याचा. ‘कापड उलटं करून घे, वर्ष निघेल’ हा सल्ला स्नूकरला लागू नाही. मागच्या बाजूला ती कातरलेली, दिशा दिलेली लव नसते. कापड सुटं करून, पुन्हा ताणून, थोडं सरकवून लावलं तर ब्लॅकचा झिजलेला भाग स्पॉटवरून हलतो आणि काही महिने मिळतात. पण मग पॉकेटच्या तोंडावरची धार तपासा. कापड सर्वांत आधी तिथे विरतं, आणि तिथे धागे दिसू लागले असतील तर नवं कापडच घ्यावं. नवं चढलं की पहिल्याच दिवशी, एकही फ्रेम खेळण्याआधी, दोरा, गुण्या आणि पुठ्ठा घेऊन सगळे स्पॉट नव्याने मोजावेत. जुन्या खुणा जुन्या कापडाबरोबर गेलेल्या असतात, आणि मार्करच्या, म्हणजे टेबल लावून देणाऱ्या माणसाच्या, आठवणीतला ब्लॅक बहुधा टेपवरच्या ब्लॅकपेक्षा बोटभर चुकलेला निघतो.