केळीचा विषाणू आपला आरएनए कसा बांधतो

मुदखेड-अर्धापूर हा नांदेड जिल्ह्यातला केळीचा पट्टा. केळीच्या पानावर शिरांना समांतर पिवळसर पट्टे उमटले, कडा वाकड्या झाल्या आणि पुढे पोंगा सडू लागला, की संशय जातो तो कुकुंबर मोझॅक व्हायरसवर, म्हणजे सीएमव्हीवर. जळगावकडे या रोगाला हरण्या म्हणतात. शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, यावर औषध कोणतं? त्याचं उत्तर या विषाणूच्या बांधणीत आहे.

सीएमव्हीच्या कणात दोनच गोष्टी असतात. आत आरएनएचा धागा, बाहेर प्रथिनाचं कवच. कणाचा व्यास सुमारे २९ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर असे ३४ हजार कण मावतील.

मावा पानात सोंड खुपसतो आणि कण पेशीत पोचतात. तिथे कवच सुटतं, आरएनए मोकळा होतो आणि केळीची पेशी तो स्वतःचाच निरोप असल्यासारखा वाचते. त्यातून आधी नकला काढणारी प्रथिनं तयार होतात. या विषाणूचे मूळ आरएनए तीन असतात. कवचाच्या प्रथिनाची माहिती त्यांतल्या तिसऱ्या आरएनएवर असते खरी, पण पेशीला ती तिथून थेट वाचता येत नाही. त्या आरएनएची उलटी प्रत निघते, उलट्या प्रतीवरून एक छोटा चौथा आरएनए तयार होतो आणि त्यावरून कवचाचं प्रथिन बनतं. हा क्रम विषाणूच्या फायद्याचा आहे. कवचाची प्रथिनं साचेपर्यंत बांधायला आरएनएच्या नकला तयार असतात.

आता प्रत्यक्ष बांधणी. आरएनएच्या धाग्यावर प्रत्येक दुव्याला एक ऋण विद्युतभार असतो. कवचाच्या प्रथिनाचं एक टोक आर्जिनीन या धनभारित अमिनो आम्लाने भरलेलं असतं. दोघं एकमेकांना खेचतात. प्रथिनं धाग्याभोवती जमतात, शेजारच्या प्रथिनांशी जुळतात आणि धागा आत गुंडाळला जातो. एका कवचात १८० प्रथिनं लागतात, आणि सगळी एकाच साच्यातली. त्यांची मांडणी फुटबॉलसारखी असते: पाच-पाचांचे १२ गट आणि सहा-सहांचे २०, म्हणजे ६० आणि १२० मिळून १८०. एवढ्या छोट्या आरएनएला वेगवेगळ्या विटांची माहिती साठवणं परवडणारं नाही, म्हणून एकच वीट पुन्हा पुन्हा वापरली जाते. हे कवच आरएनएच्या आधारानेच उभं राहतं. सीएमव्हीची रिकामी कवचं बनत नाहीत, आणि खूप खारट द्रावणात ही विद्युतओढ क्षीण झाली की कण विस्कटतो.

या विषाणूची माहिती एका कणात मावत नाही. पहिला आरएनए सुमारे ३,३०० दुव्यांचा, दुसरा सुमारे ३,००० दुव्यांचा. दोघांना स्वतंत्र कण. तिसरा सुमारे २,२०० दुव्यांचा, म्हणून त्याच्या जोडीला सुमारे हजार दुव्यांचा चौथा बसतो. बेरीज करून पाहा, तिन्ही कणांचा भार जवळपास सारखाच येतो. बाहेरून ते ओळखू येत नाहीत, पण झाडभर पसरायला तिन्ही लागतात.

कवचाचं काम एवढ्यावर संपत नाही. त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागामुळेच कण माव्याच्या सोंडेला चिकटतो. रोगट पानाला काही सेकंद टोचलं तरी मावा विषाणू उचलतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट सोडतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत हे काम उरकलेलं असतं.

म्हणून औषधाचा प्रश्न असा सुटतो. या कणाला ना पेशी, ना स्वतःची चयापचय क्रिया. बुरशीनाशकाने किंवा प्रतिजैविकाने बंद पाडावं असं त्याच्यात काही चालूच नसतं. तो झाडाच्या पेशीतच, पेशीच्याच यंत्रणेने बांधला जातो. लागण झालेलं झाड फवारणीने बरं होत नाही. उभं ठेवलं तर ते नवे कण बांधत राहतं आणि मावा ते नेत राहतो. ते कंदासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करावं. त्याचे मुनवे लावू नयेत, विषाणूतपासणी झालेलीच ऊतीसंवर्धित रोपं घ्यावीत. काकडीवर्गीय वेली, टोमॅटो, मिरची यांवरही सीएमव्ही जगतो, तेव्हा ही पिकं केळीत आणि बागेच्या कडेला टाळावीत, तण काढत राहावं. लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यांत बागेत नियमित फिरून पट्टे आलेलं रोप दिसताच काढलं, तर बाकीची बाग वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.