वऱ्हाडच्या मेंढीला नाव हवं

शेळीच्या बाबतीत वऱ्हाडानं नाव कमावलं. अमरावती-अकोल्याकडची ‘बेरारी’ आज देशातल्या मान्यताप्राप्त जातींत मोडते. मेंढीच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. चांदूर रेल्वेच्या बरडांवर धनगरांचे कळप हिंडतात, पण त्यांतलं जनावर ‘गावठी’ म्हणून उरकलं जातं. तुलनेला जवळची मान्य जात म्हणजे दख्खनी.

दख्खनी अंगानं आटोपशीर, बहुधा काळी, बाकदार नाकाची. लोकर वर्षाला जेमतेम अर्धा-एक किलो आणि तीही भरड. मेरिनोच्या लोकरीपेक्षा ती दुपटीहून जाड असते. घोंगडीला ती लागे. चिंचोक्याची खळ दिली की घोंगडी पावसालाही दाद देत नसे. गिरणीच्या ब्लँकेटनं ती मागणी संपवली आणि मेंढी मटणापुरती उरली. लोकर सुधारावी म्हणून मेरिनो, रॅम्बुले अशा परदेशी नरांशी संकर झाले. पण दुष्काळातली पायपीट आणि कोरडा पाला यांवर तगण्याचा दख्खनीचा गुण लोकरीच्या तराजूत मोजताच येत नव्हता.

वेगळी वाट फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं काढली. सुंदरबनच्या लहानखुऱ्या गॅरोल मेंढीतला जुळं देणारा जनुक त्यांनी दख्खनीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ घडवली. जुळं म्हणजे उत्पन्न वाढतं, पण आईचं दूध आणि चारा पुरला तरच.

वऱ्हाडात खरी अडचण चाऱ्याची आहे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं, पुढे कापसाची वेचणी संपते, तशी शेतं मोकळी होतात. तेव्हा शेतकरीच लेंडीखतासाठी शेतात मेंढ्या बसवायला बोलावतो आणि रात्रीचा मोबदलाही देतो. पावसाळ्यात मात्र सारं शिवार पिकाखाली जातं. काळ्या चिखलात खूर सडतात, कोवळ्या गवतानं आंत्रविषार होतो, म्हणून लस पावसाआधीच टोचावी लागते. उरते ती बरड जमीन आणि पोहरा-मालखेडचं रान. तिथं वनखात्याची चराईबंदी आणि बिबट्या, दोन्हींशी गाठ पडते.

2019च्या पशुगणनेत राज्यात सुमारे 27 लाख मेंढ्या होत्या. शेळ्या कोटीच्या वर. 2017पासूनची महामेष योजना 20 मेंढ्या आणि 1 नर 75 टक्के अनुदानावर देते. योजना चांगली, पण कळपाचं रक्त नर ठरवतो, आणि तो बाहेरून आला तर पिढ्यांनी टिकवलेला काटकपणा विरत जातो.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचं केंद्र पोहऱ्यातच आहे. त्यानं आधी या भागातल्या कळपांची पाहणी करावी, गुणांची नोंद ठेवावी, निवडक स्थानिक नर मेंढपाळांना पुरवावेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी वनखात्यानं चराईचे पट्टे ठरवून द्यावेत. अनुदानाची मेंढी गावात आली आणि तिला चरायला रान नसेल, तर मेंढपाळ ती बाजारात नेईल. त्यात दोष त्याचा नसेल.