स्फोटानंतरचे सांगायचे राहून जाते

मुंबईत दहशतवादाचे स्मरण करण्याच्या तारखा आता ठरून गेल्या आहेत. १२ मार्च, ११ जुलै, १३ जुलै आणि २६ नोव्हेंबर. या दिवशी माहीम स्थानकातील स्मृतिफलकाजवळ वा गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या स्मारकापाशी पुष्पचक्रे वाहिली जातात, दोन मिनिटे शांतता पाळली जाते आणि गर्दी पांगते. त्याच सुमारास दादर परिसरातील एखाद्या स्मारकाच्या सभागृहात दहशतवादावर जाहीर व्याख्यानही योजलेले असते. प्रवेश विनामूल्य, पुढच्या दोन रांगा निमंत्रितांसाठी राखीव, आणि शेवटी चिठ्ठ्यांवर लिहून दिलेल्या प्रश्नांना उत्तरे. या व्याख्यानांना श्रोते चांगले असतात. प्रश्न आहे तो त्यांत काय सांगितले जाते आणि काय सांगायचे राहून जाते, याचा.

व्याख्यान ऐकणे ही मराठी माणसाची जुनी सवय आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. दादरला अमर हिंद मंडळाने ही परंपरा चालविली. आपल्याकडे थोरामोठ्यांचे स्मारक म्हणजे केवळ पुतळा असेही सहसा मानले गेले नाही. वाचनालय, व्यायामशाळा, नाही तर निदान एक सभागृह तरी त्याला जोडलेले असते. शिवाजी उद्यानासमोरील स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. दहशतवादाच्या बळींची स्मारके मात्र या रिवाजाला अपवाद ठरली. तेथे नावे कोरलेला दगड असतो, बसून ऐकण्याची जागा नसते. मरीन ड्राइव्हच्या पोलीस जिमखान्यात उभारलेले २६ नोव्हेंबरच्या हुतात्मा पोलिसांचे स्मारक तर पुढे पोलीस आयुक्तालयाच्या आवारात हलविण्यात आले. साहजिकच या विषयावरचे बोलणे दुसऱ्या कुणाच्या तरी स्मारकात होते, आणि ज्यांची नावे दगडावर आहेत त्यांच्यापासून ते थोडे दूरच राहते.

अशा व्याख्यानांचा साचा बहुतेकांच्या परिचयाचा असेल. वक्ते बहुधा निवृत्त लष्करी वा पोलीस अधिकारी असतात. पडद्यावर नकाशा येतो, सागरी मार्ग दाखविला जातो, गुप्तचर यंत्रणांतील त्रुटी सांगितल्या जातात, शेजारी राष्ट्राचे धोरण उलगडले जाते. हे सारे आवश्यकच आहे. २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले, तो का रोखता आला नाही, हे नागरिकांना समजलेच पाहिजे. पण हा वृत्तान्त हल्ला संपला की संपतो. फार तर कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाल्याचा उल्लेख येतो आणि टाळ्या पडतात. त्यानंतरचे, म्हणजे रुग्णालय, दावे, खटले आणि संशयाने दुभंगलेल्या वस्त्या, यांविषयी बोलायला वेळ उरत नाही.

अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी येथे १९ एप्रिल १९९५ रोजी सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी सरकारी इमारत स्फोटाने उद्ध्वस्त झाली. १६८ जण ठार झाले, त्यांत १९ बालके होती. तेथील स्मारकाला दोन प्रवेशद्वारे आहेत. एकावर ९:०१ ही वेळ कोरलेली आहे आणि दुसऱ्यावर ९:०३. मधल्या जागेत १६८ रिकाम्या खुर्च्या. म्हणजे स्फोटानंतरच्या मिनिटाला तेथे स्फोटाआधीच्या मिनिटाइतकेच स्थान आहे. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ७७ जणांची हत्या झाली. त्या घटनेवरचे केंद्र ओस्लोतील हानी झालेल्या सरकारी इमारतीतच २०१५ मध्ये उघडण्यात आले आणि तेथे शाळकरी मुलांना त्या दिवसाविषयी शिकविले जाते. आपल्याकडे हे ९:०३ चे दार अजून कोणी बांधलेले नाही.

त्या दारातून आत गेल्यावर काय दिसेल, हे ११ जुलै २००६ च्या उदाहरणावरून पाहता येते. त्या संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, मीरा रोड आणि बोरिवली ही ती ठिकाणे. १८० हून अधिक माणसे गेली, आठशेच्या आसपास जखमी झाली. माटुंगा आणि माहीमकडचे अनेक जखमी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात पोहोचले. फलकावरचा मृतांचा आकडा स्थिर दिसतो, पण प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षे हलत राहिला. त्या दिवशी जखमी झालेल्या एकाचा मृत्यू नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये झाला. श्रवणशक्ती गमावलेल्यांची आणि गाडीत पुन्हा पाऊल न टाकू शकलेल्यांची मोजदाद तर कोणत्याच फलकावर नाही.

मग पैशाचा प्रश्न येतो. तो व्यासपीठावरून काढणे आपल्याकडे अप्रशस्त मानले जाते, पण घरातला मिळवता माणूस गेल्यावर पहिला प्रश्न तोच असतो. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ नुसार गाडीत दहशतवादी कृत्यात प्रवासी दगावला वा जखमी झाला, तर रेल्वेची चूक सिद्ध करण्याची गरज नसते, भरपाई द्यावीच लागते. मृत्यूसाठी ही रक्कम पूर्वी चार लाख रुपये होती. १ जानेवारी २०१७ पासून ती आठ लाख झाली. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे एक वर्षाच्या आत करावा लागतो. विलंबाचे सबळ कारण दाखविल्यास तो माफ होऊ शकतो. मृत प्रवाशाच्या अंगावर तिकीट वा पास सापडला नाही, तर काय? स्फोटात खिशासकट कपडे जळून गेलेल्याकडे पास कुठून मिळणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या रीना देवी प्रकरणात स्पष्ट केले की, केवळ तिकीट न सापडल्याने दावा फेटाळता येत नाही. नातेवाइकांनी प्रतिज्ञापत्र द्यावे, त्यापुढे तो प्रवासी नव्हता हे दाखविण्याचा भार रेल्वेवर येतो. याखेरीज दहशतवादी हिंसाचारात बळी पडलेल्या नागरिकांच्या कुटुंबांसाठी केंद्राची २००८ पासूनची मदत योजना आहे. तिची रक्कम तीन लाखांवरून २०१६ मध्ये पाच लाख करण्यात आली. एका तासाच्या व्याख्यानात यासाठी दहा मिनिटे दिली, तर कोणाचे तरी घर सावरेल.

सर्वांत अवघड भाग न्यायालयाचा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जण ठार झाले. त्या खटल्याचा पहिला मोठा निकाल २००६-०७ मध्ये लागला, सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ मध्ये आणि नंतर हाती लागलेल्या आरोपींचा २०१७ मध्ये. लोकलमधील स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये बारा जणांना दोषी धरून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. दहा वर्षांनी, २१ जुलै २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरविले. त्यांतील एकाचा २०२१ मध्येच तुरुंगात मृत्यू झाला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला मर्यादित स्थगिती दिली. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागणार नाही, मात्र हा निकाल इतर खटल्यांत पायंडा म्हणून वापरता येणार नाही, असा तिचा आशय होता.

हे श्रोत्यांना समजावून सांगणे ही वक्त्याची खरी कसोटी आहे. सामान्य कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. मोक्काच्या कलम १८ नुसार मात्र पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो, अर्थात तो स्वेच्छेने दिलेला असेल तरच. उच्च न्यायालयाला हे कबुलीजबाब विश्वासार्ह वाटले नाहीत. ओळखपरेडीही नाहीत, आणि जप्त केलेल्या वस्तूंची जपणूकही समाधानकारक वाटली नाही. याचा अर्थ स्फोट घडले नाहीत असा नव्हे, आणि मृतांच्या दुःखाचा अवमान झाला असाही नव्हे. ज्यांना पकडले त्यांच्याविरुद्धचा पुरावा न्यायाच्या तराजूत टिकला नाही, असा त्याचा अर्थ. मग स्फोट घडवले कोणी, हा मृतांच्या नातलगांचा प्रश्न आणि आयुष्याची अठरा-एकोणीस वर्षे गजाआड गेली त्यांचा प्रश्न, हे दोन्ही एकाच सभागृहात मांडावे लागतील. एक मांडून दुसरा गिळणारा वक्ता लोकप्रिय होईल, परंतु तो श्रोत्यांना अर्धेच सांगून घरी पाठवील. दगडावर कोरलेला मजकूर निकालागणिक बदलता येत नाही. व्याख्यान दरवर्षी नव्याने द्यावे लागते, हाच त्याचा मोठा फायदा आहे.

दादरपासून थोड्याच अंतरावर, वडाळा आणि शीव कोळीवाडा यांच्यालगत अँटॉप हिल आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आणि तिला लागून दाट झोपडवस्ती, असा हा भाग. स्मारकांच्या नकाशावर त्याचे नाव नाही, कागदपत्रांत मात्र आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालाचा दुसरा खंड पोलीस ठाण्यांनुसार लिहिलेला आहे आणि त्यात अँटॉप हिल पोलीस ठाण्याचे प्रकरण आहे. दंगली आणि मार्च १९९३ चे स्फोट यांच्यातील संबंधही याच आयोगाने तपासला, कारण १९९६ मध्ये तो विषय त्याच्या कार्यकक्षेत घालण्यात आला होता. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये लोकल स्फोटांच्या तपासात अँटॉप हिल येथे झालेल्या चकमकीत एक पाकिस्तानी दहशतवादी मारल्याचे दहशतवादविरोधी पथकाने जाहीर केले. ज्या खटल्याच्या अनुषंगाने ही चकमक झाली, त्यात दोषी ठरलेले सर्वजण उच्च न्यायालयातून सुटले. जेथे स्फोट झाला नाही अशा वस्तीलाही स्फोटाचे पडसाद किती वर्षे झेलावे लागतात, हे यावरून दिसते. घर भाड्याने देताना नाव विचारले जाणे, रात्री दारावर थाप पडणे, शाळेत मुलाला टोमणा ऐकावा लागणे, ही त्या पडसादांची रोजची रूपे आहेत आणि ती कोणत्याही वक्त्याच्या पडद्यावर येत नाहीत.

तेव्हा आयोजकांनी वक्त्यांची यादी थोडी बदलावी. निवृत्त अधिकाऱ्याच्या शेजारी त्या रात्री अपघात विभागात असलेल्या परिचारिकेला बसवावे. रेल्वे दाव्यांचे काम करणारा वकील बोलवावा, मनोविकारतज्ज्ञ बोलवावा, आणि उच्च न्यायालयाचे ६७१ पानांचे निकालपत्र खरोखर वाचलेला कोणी असेल तर त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. व्याख्यानमालेतले एक पुष्प दादरच्या सभागृहाऐवजी अँटॉप हिलच्या एखाद्या महापालिका शाळेत गुंफावे. वेळ संध्याकाळी सहाची नको, साडेआठची ठेवावी. त्या भागातील माणसे कामावरून तोवर परत येतात. भाषणाअगोदर श्रीकृष्ण अहवालातील अँटॉप हिलची पाने मराठीत छापून खुर्च्यांवर ठेवावीत, आणि चिठ्ठ्यांवरचे प्रश्न निवडून न घेता येतील त्या क्रमाने वाचावेत.