परमुलखातील षष्ठी

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने धर्मराजाला विचारले, सुखी कोण? ज्याच्या डोक्यावर ऋण नाही, ज्याला घर सोडून परमुलखात राहावे लागत नाही आणि ज्याच्या घरी, उशिरा का होईना, साधी भाजी शिजते तो, असे धर्मराजाचे उत्तर. पूर्वरंगात आम्ही हा प्रसंग पुष्कळदा लावला आहे आणि श्रोतेही माना डोलावतात. परंतु कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत (नावावरून कोणी भोजनगृहाची कल्पना करू नये!) गेले की हे उत्तर अडखळू लागते.

कागल व हातकणंगले तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतीतील फौंड्र्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथील तरुण वाळूचे साचे भरतात आणि चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस ओततात. कित्येक जण कर्ज फेडण्यासाठीच आलेले; म्हणजे ऋणीही आणि प्रवासीही. धर्मराजाच्या कसोटीतील उरली फक्त भाजी. तीही वाटून शिजते. रात्रपाळीहून परतलेला बटाटे चिरतो, दिवसपाळीचा निघण्यापूर्वी फोडणी देतो.

२०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत कोल्हापूरच्या स्थानकावरून श्रमिक गाड्या भरभरून गेल्या. पुढे त्यांतील पुष्कळ जण परत आले. पोटाने आणले हे खरे. पण नुसत्या पोटावर माणूस परमुलखात टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

कार्तिक शुद्ध षष्ठीला बिहारात छठ असते. छत्तीस तासांचा निर्जळी उपवास, पहिले अर्घ्य मावळत्या सूर्याला, दुसरे उगवत्याला. या व्रताला पुरोहित लागत नाही, हे आम्हां शास्त्री मंडळींनी मुकाट्याने ऐकून घ्यावे! सुपात ऊस हवा, आणि ठेकुआ हवा, म्हणजे गव्हाचे पीठ व गूळ मळून तळलेला पदार्थ. आता ऊस आणि गूळ यांसाठी कोल्हापूर प्रांतात कोणी तोंड वेंगाडावे काय? त्या सुमारास आमच्याकडे गुऱ्हाळे पेटू लागलेली असतात.

एका खोलीवर गेलो असता साच्यावर काम करणारा एक तरुण आम्हांस म्हणाला, “बाबा, इथला गूळ नेल्यापासून आई खीर दुसऱ्या गुळाची करीतच नाही.” गेल्या वर्षी त्याला सुटी मिळाली नव्हती. गावी निघालेल्या सोबत्याच्या हाती त्याने गुळाची ढेप धाडली. अर्घ्याच्या पहाटे रात्रपाळीतील चहाच्या सुटीत तो फाटकाबाहेर फोन धरून उभा राहिला. त्या दिवसांत बिहारात सूर्य आपल्यापेक्षा सुमारे अर्धा तास आधी उगवतो. इकडे कागलात अंधुक असतानाच त्याला गावच्या नदीतला सूर्य दिसला, पाण्यात उभी आई दिसली आणि तिच्या हातातले सूप दिसले. मग भोंगा झाला, तो आत गेला. पाळी सुटल्यावर बाहेर आला तेव्हा उसाच्या फडामागून दुसरा सूर्य वर येत होता. पिशवीतला ठेकुआ त्याने फाटकावरच्या वॉचमन मामांना दिला. ते कागलचेच, हे आमच्या शंकरपाळ्याचेच भावंड की, म्हणाले आणि आणखी एक मागून घेतला.