खिचडीच्या ताटातील राज्यशास्त्र

परभणी जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत आठवीच्या वर्गाला संसद, केंद्रीय कार्यकारी मंडळ आणि न्यायव्यवस्था हे पाठ ज्या वर्षी शिकवले जातात, त्याच वर्षी मधल्या सुट्टीत त्याच मुलांच्या ताटांत शालेय पोषण आहाराची खिचडी पडत असते. तेव्हा दिल्ली दूर असल्यामुळे हा विषय मुलांना रुक्ष वाटतो, ही शिक्षकांची नित्याची तक्रार मला तरी पुरतेपणी पटत नाही.

ही योजना केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, पण आरंभी बहुतेक राज्यांप्रमाणे महाराष्ट्रातही मुलांच्या पदरी पडत ते नुसते कोरडे तांदूळ, तेही महिन्याकाठी आणि हजेरीपटाच्या हिशेबाने. चूल पेटली ती सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेलेच अन्न द्यावे असा हुकूम सोडल्यानंतर; आणि २०१३ साली संसदेने अन्नसुरक्षेचा कायदा करून त्या हुकुमामागे आपले बळ उभे केले. अन्न शिजवण्याच्या खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. केंद्राच्या वाट्यातील पै न पै मात्र लोकसभेने दरसाल मंजूर केल्यावाचून खजिन्याबाहेर पडत नाही. कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ आणि विधिमंडळ अशी तिन्ही अंगे एवढ्या एका ताटात दाखवता येत असताना राष्ट्रपतींच्या अधिकारांची यादी घोकून का घ्यावी, हे मला उमगलेले नाही.

याच मुलखात सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे फर्मान चाले आणि जिल्ह्यावर अव्वल तालुकदाराचा अंमल असे. तहसील तेव्हाही होती, दफ्तरे होती, शिक्के होते. रयतेला त्यांचा जाब विचारण्याची सोय तेवढी नव्हती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत परभणीच्या मतदारांनी शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना लोकसभेत धाडले, तेव्हा ती सोय येथल्या माणसाच्या हाती आली. आज या मतदारसंघात जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी यांच्या जोडीला जालना जिल्ह्यातील परतूर आणि घनसावंगीही येतात; जिल्ह्याची हद्द एक आणि खासदाराची दुसरी, ही गोष्ट नकाशावर रेघ ओढून दाखवली की मुले आपणहोऊन प्रश्न विचारू लागतात.

तांदूळ निकृष्ट निघाला तर अर्ज कोणाकडे करायचा, हा त्यांतला खरा प्रश्न. पहिली दाद मुख्याध्यापकांकडे, मग तीन चतुर्थांश पालकांच्या शाळा व्यवस्थापन समितीकडे, तेथे काम अडले तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. आणि धोरणच सदोष असेल तर खासदाराने प्रश्नोत्तराच्या तासाला खुद्द मंत्र्यांकडे. असा एक अर्ज वर्गात मुलांकडून लिहवून घ्यावा, आणि तोही आठवीतच. कारण नववीत खिचडी बंद होते आणि पुस्तकही परराष्ट्र धोरणाकडे वळते.