हस्तिदंतावरचा प्रेमदुर्ग

युरोपच्या मध्ययुगाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहतात ती उत्तुंग चर्चे, क्रूसावरचा ख्रिस्त आणि बालकाला कडेवर घेतलेली मेरी. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. पॅरिसमध्ये ज्या दंतातून मेरीच्या मूर्ती कोरल्या जात, त्याच मौल्यवान दंतातून श्रीमंत घरच्या स्त्रियांच्या फण्या, पेट्या आणि आरशांची घरेही कोरली जात; आणि त्यांवर देवादिकांऐवजी प्रेमिकांच्या जोड्या असत. या दुसऱ्या कामाविषयी मला आज बोलावयाचे आहे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे शंभर वर्षे पॅरिस हे या कलेचे मुख्य ठाणे होते. दंत आफ्रिकेच्या हत्तींचे. आरशाचे घर म्हणजे तळहातावर मावेल अशी गोल चकती. आत आरसा, बाहेर नक्षी. कोठे स्त्रीपुरुष बुद्धिबळ खेळत बसले आहेत, कोठे ससाणे घेऊन शिकारीस निघाले आहेत. या साऱ्यांत अत्यंत लोकप्रिय झालेला एक देखावा आहे, तो 'प्रेमदुर्गाच्या वेढ्या'चा.

तटावर स्त्रिया, खाली चिलखती वीर, आणि सर्वांच्या वर पंखधारी मदन, बाण सोडीत असलेला. वीर दोराच्या शिड्या लावतात. क्वचित दगडफेकीचे यंत्रही आणतात, पण त्यात दगड नसतात, गुलाब असतात. स्त्रियाही वरून गुलाबच फेकतात. हा खेळ केवळ कारागिराच्या कल्पनेतला नव्हे. इटलीतील त्रेव्हीझो येथे १२१४ साली असा लुटुपुटीचा किल्ला खरोखर उभारला गेला, स्त्रियांनी तो लढवला आणि फळाफुलांचा मारा झाला. शेवटी मात्र पादुआ आणि व्हेनिसच्या पुरुषांत खरीखुरी मारामारी जुंपली! खेळात वैर शिरावयास वेळ लागत नाही.

आता या चित्राचा अर्थ काय लावावयाचा? काही अभ्यासकांना यात स्त्रीचा मान दिसतो. ती उंचावर आहे, पुरुष तिच्या पायथ्याशी आहे, आणि दार उघडणे तिच्या हाती आहे. इतरांना यात बळजोरी दिसते. फक्त तिला फुलांनी झाकले आहे. मला दुसरे मत अधिक पटते, पण पहिलेही सोडवत नाही. बाराव्या शतकात चर्चच्या कायद्याने असे ठरवले होते की उभयतांच्या संमतीने विवाह सिद्ध होतो. प्रत्यक्षात सरदारघराण्यांतील लग्ने जमिनी आणि वारसा पाहून वडीलधारी जुळवीत. ज्या मुलीच्या हातात हा आरसा पडे, तिला किल्ल्याची किल्ली आपल्याकडे आहे असे निदान चित्रात तरी दिसे. पण कोरणाऱ्याने तिला हत्यार दिले ते गुलाबाचे. त्याने कोणता वेढा उठणार?

अशाच पेट्यांवर आणखी एक गमतीचा देखावा आढळतो. साक्षात ॲरिस्टॉटल गुडघ्यांवर रांगतो आहे, तोंडात लगाम आहे, आणि पाठीवर एक सुंदरी बसली आहे. अलेक्झांडर तिच्या नादाने राज्यकारभार विसरला म्हणून गुरूने त्याला दटावले. तिने गुरूलाच मोहात पाडून घोडा केले, अशी ही कथा. खऱ्या ॲरिस्टॉटलशी तिचा काही संबंध नाही. ती तेराव्या शतकातली. धर्मोपदेशक ती 'स्त्रीपासून सावध रहा' म्हणून सांगत. परंतु तीच गोष्ट एका स्त्रीच्या दागिन्यांच्या पेटीवर कोरली की हसणारे बदलतात. आशय तोच, मालक वेगळा. आणि मालकाबरोबर अर्थही फिरतो.

चित्रे काढणारे सर्व पुरुषच होते, असेही समजू नये. 'रोमां द ला रोझ' या गाजलेल्या प्रेमकाव्याच्या एका प्रतीच्या समासात मठवासिनींची अशी काही चित्रे आहेत की त्यांचे वर्णन या सभेत मी करीत नाही. ते काम रिशार आणि जान द मोंबास्तों या दांपत्याचे मानले जाते. नवऱ्याच्या पश्चात १३५३ साली जानने स्वतःच्या नावाने ग्रंथव्यवसायाची शपथ घेतली.

याच काव्यातील स्त्रीनिंदेवर १४०१–०२ साली क्रिस्तीन द पिझान या विधवा लेखिकेने पॅरिसच्या विद्वानांशी पत्रांतून उघड वाद घातला. पुढे तिने आपल्या लेखनाची एक सचित्र प्रत राणी इझाबो हिच्यासाठी सिद्ध करविली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या पहिल्या चित्रात राणीचे दालन आहे. भिंतींवर राजचिन्हांचे पडदे, भोवती बसलेल्या सख्या, आणि निळ्या वस्त्रातली क्रिस्तीन गुडघे टेकून लाल बांधणीचा जाड ग्रंथ राणीच्या हाती देते आहे. दालनात एकही पुरुष नाही, आणि मदनही नाही.